दार उघडणारी बाई

श्रोतेहो, नमस्कार.

मोठं घर, जिना आणि दिवाणखाना असलेला तुमच्या आवडीचा एखादा जुना सिनेमा आठवून बघा. बेल वाजते. दार कोण उघडतं? कुणीतरी बाई उघडते, पाहुण्याला वाट देऊन बाजूला होते आणि पुन्हा दिसते ती चहाचा ट्रे घेऊनच. तिचं नाव आठवतंय? हे भाषण लिहायला बसले तेव्हा मी अशा दहा-बारा जणी आठवून कागदावर मांडल्या. नावाच्या जागी जे लिहिलं गेलं ते असं: "जिच्या हातून कप पडतो ती", "चिठ्ठी पोचवणारी", "शेवटी रडते ती".

तर आधी नावाचंच बोलू. ऑक्ताव्ह मिर्बो या फ्रेंच लेखकाची १९०० साली आलेली एक कादंबरी मोलकरणीच्या रोजनिशीच्या रूपात आहे. ही सेलेस्तीन एका घरी कामाला लागते, तर म्हातारा मालक म्हणतो, नाव छान आहे, पण लांबलचक आहे. मी तुला मारी म्हणेन. आजवरच्या सगळ्याच मोलकरणींना तो मारी म्हणत आलाय! माणसं बदलली तरी हाक तीच. मालकाची केवढी सोय.

'गॉन विथ द विंड' या १९३९ सालच्या सिनेमात हॅटी मॅकडॅनिएलनं जी दाई रंगवली, तिला सगळे नुसतं 'मॅमी' म्हणतात. सगळ्या घराला धाकात ठेवणारी ही बाई, पण सिनेमा संपेपर्यंत तिचं स्वतःचं नाव कळत नाही. या भूमिकेसाठी मॅकडॅनिएलला ऑस्कर मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. २९ फेब्रुवारी १९४० च्या त्या रात्री समारंभ ज्या हॉटेलात होता, तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तिला खास परवानगी काढून आत आणलं आणि सिनेमातल्या बाकीच्या मंडळींपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं. पडद्यावरची पायरी पडद्याबाहेरही सुटली नाही.

लेखकांना मात्र मोलकरीण फार आधीपासून उपयोगी पडत आली आहे. घरातलं सगळं तिला दिसतं, सगळं ऐकू येतं, आणि तिच्यासमोर कुणी आवाज खाली आणत नाही. गोष्ट सांगायला याहून चांगलं माणूस कुठलं? एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मध्ये, म्हणजे १८४७ साली, नेली डीन शिवणकामाची टोपली जवळ घेऊन बसते आणि दोन पिढ्यांची प्रेमं, वैरं, मरणं आपल्याला सांगते. नेली भोळी नाही हं. कुठली गोष्ट कुणाला सांगायची, कुठली दाबून ठेवायची, हे ती पुरतं जाणून आहे. अर्धं रामायण तिच्यामुळेच घडतं. पण एवढी कादंबरी वाचून झाल्यावर नेलीविषयी आपल्याला काय माहीत असतं? तिला मिसेस डीन म्हणतात, पण हा मिस्टर डीन कोण, होता तरी का, याचा पत्ता नाही. तिनं सगळ्यांचं सांगितलं, तिचं कुणी विचारलं नाही.

आता जरा अडचणीच्या जागी येऊ. मालकीण आणि मोलकरीण, दोघी बायकाच. बाईला लिहायचं असेल तर तिला स्वतःची खोली हवी आणि वर्षाला ५०० पौंडांची मिळकत हवी, असं व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ साली लिहिलं. मला ते आजही पटतं. पण त्याच वुल्फच्या घरी नेली बॉक्सॉल नावाची स्वयंपाकीण होती. १९१६ पासून १९३४ पर्यंत ती टिकली, आणि दोघींच्या भांडणांनी वुल्फच्या डायऱ्यांची कितीतरी पानं भरली आहेत. हा दुटप्पीपणा म्हणून मी सांगत नाही. आपण लिहीत असताना चूल कोण सांभाळतंय, हे त्या बाईला निदान डाचत होतं. पुष्कळांना तेही डाचत नाही.

हीच गाठ विजय तेंडुलकरांनी 'कमला' नाटकात मांडली, १९८१ साली. जयसिंग जाधव हा दिल्लीतला नाव कमावलेला पत्रकार. माणसांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला तो कमला नावाच्या आदिवासी बाईला २५० रुपयांना विकत घेऊन घरी आणतो. घरात कमलाबाई नावाची कामवाली आधीपासून आहेच. तेंडुलकरांनी नाव उगाच सारखं ठेवलं असेल असं मला वाटत नाही. पत्रकार परिषद होते, कमलाला लोकांपुढे उभं केलं जातं, प्रश्नांचा मारा होतो. मात्र नाटकातला खरा प्रश्न कमलाच विचारते. रात्री, कुणी नसताना, जयसिंगच्या बायकोला, सरिताला: तुम्हाला यांनी केवढ्याला घेतलं?

तिरकस बोलायचं म्हणून ती हे विचारत नाही. तिच्या जगात बाई घरात येते ती अशीच. पुढे ती कामंही वाटून टाकते: कष्टाची कामं माझ्याकडे, लिहिणं-वाचणं आणि पाहुण्यांचं तुमच्याकडे, मालक अर्धा-अर्धा महिना. शिकलेली, चांगल्या घरातली सरिता चिडत नाही, हसण्यावारी नेत नाही. ती शांतपणे आकडा सांगते. सातशे. मराठी रंगभूमीवर इतका थंड आणि इतका भाजणारा आकडा दुसरा मला आठवत नाही. सरिता आणि कमला यांच्यात पैशाचं, शिक्षणाचं, कपड्यांचं केवढं अंतर, आणि ते एका प्रश्नात कोसळतं. कोसळतं, पण नाहीसं होत नाही बरं का: प्रश्नाचा फायदा होतो तो सरिताला. तिला तिची जागा कळते. कमलाची रवानगी आश्रमात होते.

मग मोलकरणीनं स्वतःसाठी बोलायचं कुठे? सेनेगलच्या उस्मान सेम्बेननं १९६६ साली जेमतेम तासाभराचा एक सिनेमा केला. डाकारची दियुआना मुलं सांभाळायची म्हणून फ्रान्सला जाते आणि तिथल्या फ्लॅटमध्ये धुणं, पुसणं, रांधणं यात कोंडली जाते. मालकांशी ती जवळजवळ बोलतच नाही. पाहुण्यांसमोर तिच्याविषयी, तिच्यादेखत चर्चा चालते. पण आपल्याला तिच्या मनातला आवाज सतत ऐकू येत असतो, आणि त्या आवाजात केवढी बडबड, केवढा उपरोध! एकदा आईचं पत्र येतं. दियुआनाला लिहिता येत नाही, म्हणून मालकच परस्पर तिच्या वतीनं उत्तर लिहायला बसतो: मी मजेत आहे वगैरे. ती पत्राचे तुकडे करते.

यानंतर बेबी हालदारचं 'आलो आंधारि' वाचलं की पत्राची गोष्ट वेगळ्या वळणानं पुढे गेल्यासारखी वाटते. धुणीभांडी करणाऱ्या बेबीला ज्यांच्या घरी ती काम करायची त्या प्रबोध कुमारांनी, प्रेमचंदांच्या नातवानं, वही-पेन दिलं आणि स्वतःचं लिही म्हणून सांगितलं. तिनं बंगालीत लिहिलं, त्यांनी हिंदी केलं, २००२ साली पुस्तक आलं. इथेही वही मालकाचीच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. अक्षर तिचं आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे की जगात सुमारे ७ कोटी ५६ लाख माणसं घरकाम करून पोट भरतात, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक बायका आहेत. एवढ्या जणी दुसऱ्यांच्या घरी असतील, तर त्यांच्या स्वतःच्या घरी कोण असतं? २०१५ च्या एका ब्राझिलियन सिनेमाचं नावच तसा प्रश्न आहे. मराठीत सांगायचं तर, 'ती किती वाजता येईल?' आना मुइलार्तेनं केलेला हा सिनेमा. त्यातली मोलकरीण, व्हाल, मालकाचा मुलगा पोटच्या पोरासारखा वाढवते, आणि तिची स्वतःची मुलगी दूर गावी आईविना मोठी होते. ती मुलगी, जेसिका, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्या घरी येऊन राहते. कुठे बसायचं, फ्रीजमधलं कुठलं आइस्क्रीम आपलं नाही, हे व्हालला कुणी न सांगता पाठ आहे. जेसिका ते आइस्क्रीम खाते. पोहण्याच्या तलावातही उतरते. दुसऱ्या दिवशी मालकीण म्हणते, तलावात उंदीर दिसला, आणि सगळं पाणी उपसायला लावते.

इतकी वर्षं त्या तलावाच्या काठाकाठानं वावरलेली व्हाल एका रात्री, जेसिका परीक्षा पास झाल्यावर, त्यात एकटी उतरते. आत जेमतेम पाणी असतं. ती ते पायानं उडवते, फोन काढून मुलीला लावते आणि म्हणते, ओळख बघू, मी कुठे आहे?