वालचंदांच्या कारखान्यातली हेलिकॉप्टरं

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे हेलिकॉप्टर दिसतं ते दोनदा. निवडणुकीच्या सभेला नेता येतो तेव्हा, आणि आषाढीला कुणी मोठा माणूस पंढरपूरला निघतो तेव्हा. होटगी रोडच्या विमानतळावरून आपण इतकी वर्षं भांडलो, विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी राहावी की पडावी यावरून एकेका घरात दोन पक्ष झाले, शेवटी जून २०२३मध्ये ती पाडली. पण ते सगळं भांडण विमानाचं. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, म्हणून त्याच्यावरून भांडण नाही, आणि भांडण नाही म्हणून चर्चाही नाही. आज ती करू.

भारतात हेलिकॉप्टर बनवणारी मुख्य कंपनी म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, एचएएल. बंगळूरची सरकारी कंपनी म्हणून आपण तिला ओळखतो. ती काढली मात्र १८८२ साली या गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद. त्यांच्या नावाचं वाचनालय तुम्हाला ठाऊक आहेच. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा होता, त्यात वालचंदांचं मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. बोरघाटातले बोगदे खणले, पुढे जहाजं काढली. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास मोटारीच्या कारखान्याची बोलणी करायला ते अमेरिकेला गेले होते. परतीच्या प्रवासात विमानात विल्यम पॉली भेटला. हा अमेरिकन व्यापारी चीनसाठी विमानं जुळवण्याचा उद्योग चालवत होता. गप्पांतून कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माइल यांनी जागा दिली, संस्थानानं पैसा घातला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. जुलै १९४१मध्ये तिथं जुळवलेलं पहिलं विमान, हार्लो नावाचं एक लहान शिकाऊ विमान, उडालंसुद्धा.

आता जरा हात आखडता घेतो. एप्रिल १९४२मध्ये सरकारनं वालचंदांचे समभाग विकत घेतले. जपान दाराशी आला होता, आणि युद्धाच्या ऐन मध्यात विमानाचा कारखाना खाजगी माणसाच्या हाती ठेवायला इंग्रज तयार नव्हते. म्हणजे वालचंदांकडे हा कारखाना दीड वर्षही नव्हता. हेलिकॉप्टरशी तर त्यांचा काहीच संबंध आला नाही. ते १९५३ साली गेले आणि बंगळुरातलं पहिलं हेलिकॉप्टर त्यानंतर बारा वर्षांनी उडालं. 'आपल्या सोलापूरकराचं एचएएल' असं म्हणायला माझी हरकत नाही, पण त्यांचा वाटा कोणता ते नीट सांगावं. इंग्रज सरकार विमानं बाहेरून आणण्यात समाधानी असताना हा माणूस ती इथं बनवायला निघाला. तेवढं पुष्कळ आहे.

तिथं आणखी एक मराठी माणूस होता. डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१मध्ये उडालं. त्याचं ड्रॉइंग इथलं होतं. हा 'ड्रॉइंग' शब्द लक्षात ठेवा. इथून पुढे प्रत्येक यंत्रापाशी मी दोनच प्रश्न विचारणार आहे: ड्रॉइंग कुणाचं आणि इंजिन कुणाचं.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत सुरुवातीला दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं: फ्रान्सचं. जून १९६२मध्ये फ्रान्सच्या सूद एव्हिएशनबरोबर अलुएट-३ या हेलिकॉप्टरचा परवाना करार झाला. चारच महिन्यांत चीनशी युद्ध पेटलं, आणि डोंगरावर माणूस पोचवायचा आणि खाली आणायचा म्हणजे काय हे सगळ्या देशाला कळलं. जून १९६५मध्ये बंगळुरात जुळवलेलं पहिलं अलुएट उडालं. त्याला आपण चेतक म्हणतो. पुढे अशी तीनशेहून जास्त चेतक तिथं तयार झाली.

हेच हेलिकॉप्टर का निवडलं, हे समजायला हवेकडे बघावं लागतं. हेलिकॉप्टर हवा खाली ढकलतं म्हणून वर राहतं. उंचावर हवा विरळ, म्हणजे ढकलायला कमी. आणि इंजिनालाही श्वास घ्यायला तीच विरळ हवा. दोन्हीकडून मार. उष्णतेनंही हवा विरळ होते. मे महिन्यात दुपारी ४३ अंश असताना यंत्राच्या लेखी आपलं गाव, जे समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्याही आत आहे, ते दीड हजार मीटरांवर जाऊन बसतं. नेत्यांच्या हेलिकॉप्टरमधून ऐनवेळी एखादा कार्यकर्ता उतरवला जातो, त्यामागे नेहमी राजकारणच असतं असं नाही.

यावर फ्रेंचांनी काढलेला तोडगा सरळ होता. अलुएट-३चं आर्टुस्ट इंजिन साधारण साडेआठशे अश्वशक्तीचं, पण त्याला मुद्दाम ५७० वर बांधून ठेवलेलं. सपाटीवर ते आरामात चालतं. वर जाल तशी त्याची खरी ताकद घटत जाते, तरी ५७० मात्र बऱ्याच उंचीपर्यंत मिळत राहतात. म्हणजे ताकद शिलकीत ठेवायची आणि डोंगरात खर्च करायची.

मग भारतीय सैन्यानं आणखी उंचीची मागणी केली. त्यासाठी फ्रेंचांनी जुन्या अलुएट-२चा हलका सांगाडा घेतला, त्याच्यावर अलुएट-३चं इंजिन आणि रोटर, म्हणजे डोक्यावर फिरणारा पात्यांचा संच, बसवला. हे लामा. मार्च १९६९मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत दोन माणसं आणि इंधन घेऊन ते ७,५०० मीटरांवर उतरलं आणि तिथून परत उडालं. २१ जून १९७२ला फ्रान्समध्ये जाँ बूले या चाचणी वैमानिकानं लामा १२,४४२ मीटरांवर नेलं. प्रवासी विमानं उडतात त्याहूनही वर! खाली यायला त्यानं ताकद कमी केली आणि इंजिन विझलं. त्या उंचीवर ते पुन्हा पेटेना. मग तो सगळा रस्ता इंजिनाविना उतरला. खाली येताना वारा पात्यांमधून वर घुसतो आणि त्यांना फिरवत ठेवतो; त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं कोसळतं असा आपल्याकडे समज आहे. बूलेला विचारा.

लामाचा परवाना आपण १९७०मध्ये घेतला. ते आपलं चीता. १३ एप्रिल १९८४ला सियाचिनवर, बिलाफोंड ला खिंडीपाशी, कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी चीतांनीच उतरवली. तेव्हापासून तिथल्या चौक्यांचं रॉकेल, औषधं आणि जखमी माणसं याच जातीच्या यंत्रांवर राहिली आहेत. नवं इंजिन बसवून त्याचं चीतल झालं, पण मूळ सांगाड्याचं ड्रॉइंग १९५०च्या दशकातलं. वैमानिकांच्या कौशल्याबद्दल जेवढा अभिमान वाटतो, तेवढीच ते इतकं जुनं यंत्र अजून चालवतात याची मला चीड येते.

इथं परवान्याविषयी बोलतो. सोलापूरकरांना हे सांगायला सोपं आहे. जॅकार्डच्या मागावर चादर विणणारा कारागीर कितीही तरबेज असो, नक्षी ठरते ती वर लावलेल्या छिद्रांच्या कार्डांवर. दुसऱ्यानं पाडलेल्या कार्डांवर वीस वर्षं उत्तम चादरी विणता येतात. मोर हवा असेल तर कार्ड स्वतः पाडावं लागतं. एचएएलनं चेतक-चीतावर वीस वर्षं हात तयार केले. कार्ड पाडायला घेतलं ते १९८४मध्ये.

तो प्रकल्प म्हणजे ध्रुव हेलिकॉप्टर. जर्मनीच्या एमबीबी कंपनीचा सल्ला घेतला, कारण बिजागऱ्यांशिवायच्या रोटरचा अनुभव त्यांच्याकडे होता. एरवी प्रत्येक पात्याला मुळाशी बिजागऱ्या असतात. इथं कंपोझिटचं, म्हणजे तंतू आणि राळ मिळून केलेलं, पातं स्वतःच लवतं. त्यामुळे यंत्र चपळ होतं. हवाई दलाचं सारंग पथक ध्रुव घेऊन ज्या कसरती करतं, त्या या रोटरमुळे जमतात. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९९२मध्ये झालं आणि सैन्याच्या हाती ध्रुव पडलं २००२मध्ये. अठरा वर्षं! पैशाची चणचण होती, लष्कराच्या मागण्या बदलत होत्या, आणि त्यात १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंध आले. ठरवलेलं अमेरिकी इंजिन हातचं गेलं, म्हणून पुन्हा फ्रान्सकडे, टर्बोमेकाकडे. ड्रॉइंग आपलं, इंजिन त्यांचं. पुढे टर्बोमेकाबरोबर मिळून शक्ती नावाचं जास्त ताकदीचं इंजिन केलं; ध्रुवला खरी उंची त्यानं दिली.

आणि अपघात? ते बाजूला ठेवून या कंपनीचं कौतुक करायला मी आलेलो नाही. इक्वेडोरला सात ध्रुव विकली, त्यातली चार कोसळली आणि २०१५मध्ये त्यांनी करार मोडला. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले, आणि देशभरातली ध्रुव महिनोन् महिने जमिनीवर बसली. त्या वेळी चर्चेत आली ती स्वॉशप्लेट. वैमानिक दांडी हलवतो ती स्थिर भागात. पाती फिरत असतात. स्थिर हाताचा हुकूम फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी ही तबकडी. तिला पर्यायी दुसरी तबकडी नसते. दोन इंजिनं लावता येतात, दोन स्वॉशप्लेटी लावता येत नाहीत. म्हणून त्या एका भागाच्या धातूवर, घडणीवर आणि तपासणीवर जगभरचे कारखाने जिवापाड लक्ष देतात. ड्रॉइंग आपलं झालं की दोषही आपला होतो, फ्रान्सला पत्र लिहून भागत नाही.

कारगिलचा धडा वेगळा होता. मे १९९९मध्ये तोलोलिंगजवळ आपलं एमआय-१७ पाडलं गेलं, चौघे वीर गेले. वाहतुकीचं ते हेलिकॉप्टर रॉकेटं लावून लढायला पाठवावं लागलं, कारण लढाईसाठी घेतलेली रशियन हेलिकॉप्टरं त्या उंचीवर उपयोगी नव्हती. त्यातून २००६मध्ये 'प्रचंड' या लढाऊ हेलिकॉप्टरचं काम सुरू झालं. ध्रुवचाच रोटर, तीच शक्ती इंजिनं, पण अंग चिंचोळं आणि दोन वैमानिक एकामागे एक. २०१०मध्ये उडालं, २०१५मध्ये सियाचिनच्या परिसरात उतरून दाखवलं, ३ ऑक्टोबर २०२२ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. मार्च २०२५मध्ये अशा १५६ हेलिकॉप्टरांची ६२,७०० कोटींची मागणी नोंदवली गेली. चेतक-चीताच्या जागी येणारं हलकं हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६मध्ये उडालं, आणि तुमकुरूजवळ ६१५ एकरांवरच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०२३मध्ये झालं. त्या हलक्या यंत्राचं इंजिनही शक्तीच्याच घराण्यातलं.

राहिला दुसरा प्रश्न: इंजिन कुणाचं. आता १३ टनांच्या मोठ्या हेलिकॉप्टरची आखणी चालू आहे, एमआय-१७च्या जागी येणारं. त्याच्या इंजिनाला अरवली असं नाव दिलंय. ते बनवायला फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर, म्हणजे जुन्या टर्बोमेकाच्याच वारसाबरोबर, एचएएलनं सामाईक कंपनी काढली आहे. या वेळी इंजिनाची आखणीही दोघांनी मिळून करायची असं ठरलंय. आतल्या सर्वांत तापणाऱ्या भागांची, ज्वलनकक्षाची आणि टर्बाइनच्या पात्यांची, ड्रॉइंगं कोणाच्या टेबलावर काढली जातात, ते मी बघत राहणार आहे.