पोचले की फोन करते

नमस्कार श्रोतेहो.

घरातून निघताना आई मागून ओरडते, "पोचलीस की फोन कर गं!" आणि आपण जिना उतरता उतरता म्हणतो, "हो, पोचले की करते." आता हे वाक्य जरा थांबून ऐका. पोचले. अजून बस यायचीय, पुलावर गाड्या तुंबल्यात, आणि मी म्हणतेय, पोचले! गोष्ट पुढची आणि रूप भूतकाळाचं. आईला त्यात काही खटकत नाही, आपल्यालाही नाही. हाक मारल्यावर जागचे न हलता "आलोच" म्हणणारी माणसं तर घरोघरी आहेत.

हीच मुलगी ऑफिसात इंग्रजी बोलायला लागली की म्हणते, "व्हेन आय विल रीच होम, आय विल कॉल यू." दोन्हीकडे 'विल'. इंग्रजीला इथे एकच 'विल' चालतो, तोही फोन करण्यापाशी. पोचण्यापाशी साधा वर्तमानकाळ: "आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम." व्हेन, आफ्टर, बिफोर, अंटिल, अ‍ॅज सून अ‍ॅज, यांतलं काहीही लावून वेळ सांगितली की त्या तुकड्यात 'विल' येत नाही.

मी बरीच वर्षं संध्याकाळचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. ही चूक मराठीमुळे होते असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. बोलतानाची मराठी कुठे भविष्यकाळ वापरते? "जेवण झालं की निघू." "पगार झाला की देतो." "पाऊस थांबल्यावर जा." घोटाळा करते ती वहीतली मराठी: "जेव्हा मी घरी पोचेन, तेव्हा मी फोन करेन." असं आईशी कोण बोलतं? पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की आपण आधी मनात हे इस्त्री केलेलं वाक्य तयार करतो, मग त्यातल्या प्रत्येक 'एन'ला एकेक 'विल' चिकटवतो. त्यापेक्षा 'पोचले की' मनात धरा, 'विल' आपोआप गळून पडतो.

जाता जाता एक गंमत. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं, वर्तमानकाळावरच भागायचं. 'विल' म्हणजे मुळात इच्छा. मृत्युपत्राला आपण 'विल' म्हणतो ना, त्याच कुळातला शब्द. पुढे तो भविष्यकाळाच्या कामाला लागला.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण नियम शिकवला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी उत्साहाने सगळीकडचे 'विल' पुसून येतं. "तो कधी येईल मला माहीत नाही." इथे "आय डोंट नो व्हेन ही विल कम" हेच बरोबर. व्हेन तोच, पण आता तो प्रश्न विचारतोय. ओळखायचं कसं? मराठीत 'कधी' म्हणत असाल तर 'विल' राहू द्या. 'की', 'वर' किंवा 'जेव्हा' म्हणत असाल तर काढा. इंग्रजीचा एक 'व्हेन' आपल्याकडे 'कधी' आणि 'जेव्हा' असा फोडलेला आहे, त्याचा फायदा घ्या.

आता 'अंटिल'. माझ्या वर्गात एक नर्स यायची. ती रुग्णांना सांगायची, "अंटिल डॉक्टर डझंट कम, डोंट ईट." जोपर्यंत डॉक्टर येत नाहीत तोपर्यंत खाऊ नका. मराठीतला तो 'नाही' तसाच इंग्रजीत उतरला. पण अंटिलच्या पोटात तो आधीच आहे, दुसरा लागत नाही: "डोंट ईट अंटिल द डॉक्टर कम्स." इथेही बोलीतलं आटोपशीर वाक्य बघा: "डॉक्टर येईपर्यंत खाऊ नका." त्यात 'येत नाहीत' आहे का? नाही.

पण आपली बोली एका ठिकाणी दगा देते, आणि ते ठिकाण म्हणजे हेच 'पर्यंत'. दुसरी एक मुलगी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची. चेन्नईहून आलेल्या एका गृहस्थांना तिने सांगितलं, "यू विल गेट द रिपोर्ट टिल फाइव्ह." तिच्या मनात होतं, पाचपर्यंत मिळेल. गृहस्थांना ऐकू आलं, पाचला काउंटर बंद होतं, त्याच्या आत या. बिचारे भर उन्हात तीनला धापा टाकत हजर. रिपोर्ट तयार नाही. दोन तास बाकावर बसले, आणि उठताना तिला जे काही बोलले ते मात्र अगदी शुद्ध इंग्रजीत होतं.

मराठीत 'पाचपर्यंत थांबा' आणि 'पाचपर्यंत मिळेल', दोन्हीकडे एकच 'पर्यंत'. इंग्रजीत दोन वेगळी खाती. थांबणं पाच वाजेपर्यंत सलग चालू असतं, तिथे अंटिल किंवा टिल. रिपोर्ट मिळणं पाचच्या आत कधीतरी एकदाच घडतं, तिथे बाय. पूर्ण वाक्य जोडायचं असलं तर 'बाय द टाइम'. "मी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती." हे "टिल आय रीच्ड" नाही, "बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." गाडी आधी सुटली म्हणून 'हॅड लेफ्ट', आपण नंतर पोचलो म्हणून नुसतं 'रीच्ड'.

'नो सूनर… दॅन' बद्दल विचाराल, तर परीक्षेत तो गुण मिळवून देतो म्हणून लिहा. बोलताना 'अ‍ॅज सून अ‍ॅज' पुरे. मी कांदे घेताना 'घेताक्षणीच' म्हणत नाही, तसंच ते.

आणखी एक, क्रमाचं. आपण वेळ आधी सांगतो, काम नंतर. इंग्रजीत बोलताना काम बरेचदा आधी येतं आणि 'व्हेन' शेवटी. म्हणून समोरचा "आय विल सेंड इट" म्हणाला की लगेच "थँक यू" म्हणून फोन ठेवू नका. पुढे 'आफ्टर' यायचा असतो, आणि खरी मेख तिथेच असते.

वेळ होत आली. कागद जवळ असेल तर दोन वाक्यं लिहून घ्या आणि इंग्रजीत करून ठेवा, पुढच्या वेळी ताडून पाहू. पहिलं: "पाऊस थांबेपर्यंत इथेच बस." दुसरं: "पाऊस थांबेपर्यंत मी डोंबिवलीला पोचलेली असेन." नमस्कार.