तंजावरची भिंत वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

तंजावरला जाऊन आलेल्या माणसाला विचारलं, की काय पाहिलंत, तर तो हमखास सावलीची गोष्ट सांगतो. तिथल्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, शिखराची सावली म्हणे जमिनीवर पडतच नाही. मीही ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो होतो. गेल्या माघात तिथे गेलो, तेव्हा दुपारी चारच्या सुमारास देवळाच्या अंगणात उभा राहिलो. ईशान्येकडे लांबवर सावली पडली होती आणि सहलीला आलेली शाळेची पोरं त्या सावलीला ओळीनं बसली होती. दगड तापलेला असतो, पायात चपला नसतात, त्यामुळे सावली कुठे आहे हे पोरांना बरोबर कळतं. ही गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण त्या खोट्या चमत्काराच्या नादात खरं पाहायचं राहून जातं. आणि तंजावरात खरं पाहण्यासारखं इतकं आहे, की दोन दिवस पुरत नाहीत.

तंजावरला जायचं तर तिरुचिरापल्ली गाठावी. तिथे विमानतळही आहे आणि रेल्वेचं मोठं जंक्शनही. पुढे रस्त्यानं तास-सव्वा तास. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा सगळा मुलूख. दोन्ही अंगांना भातखाचरं, मधूनमधून नारळ आणि केळी. हा भात आहे म्हणून ते देऊळ आहे, हे वाटेतच कळायला लागतं. चोळ राजांची राजधानी इथे झाली, नंतर नायक घराण्याचे राजे आले, आणि १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले. शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. आदिलशहाच्या फौजेबरोबर ते इकडे आले आणि इथलेच झाले. तिकडे त्यांना एकोजी म्हणतात. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं, कावेरीकाठी मराठी राजांचं राज्य होतं.

आता देवळाकडे चला. राजराज चोळानं ते बांधलं आणि १०१० साली शिखरावर कळस चढवला. उंची सुमारे २१६ फूट. आपल्याकडे वीस मजल्यांच्या इमारतींचं आता कुणाला कौतुक राहिलेलं नाही. पण ही उंची ग्रॅनाइटची आहे, आणि देवळाच्या आसपास ग्रॅनाइटचा डोंगर नाही. सगळा दगड लांबून आणलेला. माना वर करून शिखर पाहून झालं, की कृपा करून खाली पाहा. देवळाच्या जोत्यावर, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत, ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. मला तमिळ वाचता येत नाही. मी तिथल्या वाटाड्याला दोन तास धरून बसलो आणि त्याच्याकडून समजून घेतलं.

श्रोतेहो, राजे लोक शिलालेखात स्वतःच्या विजयाचं वर्णन करतात हे आपल्याला ठाऊक आहे. राजराजानंही ते केलंय. पण त्याखेरीज त्यानं काय कोरून ठेवलं, ऐका. देवळात नृत्यसेवेसाठी निरनिराळ्या गावांच्या देवळांतून चारशे स्त्रिया आणल्या. त्या चारशेजणींची नावं दगडात आहेत. कोण कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या आळीत, कितव्या क्रमांकाचं घर दिलं, हेही आहे. त्यांच्यामागोमाग ढोल वाजवणारे, छत्र धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, हिशेबनीस. हजार वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याची नोंद त्याच्या राजाच्या नावाबरोबर त्याच दगडावर आहे. मी हात जोडले ते त्या यादीला.

आणखी एक नोंद मला फार आवडली. देवापुढे नंदादीप अखंड तेवत ठेवायचा तर रोज तूप लागणार. त्यासाठी दान देणारा माणूस शहाण्णव मेंढ्या द्यायचा. गवळ्यानं त्या सांभाळायच्या आणि रोजचं ठरलेलं तूप देवळात पोचवायचं. लेखात या मेंढ्यांना शब्द वापरलाय, त्याचा अर्थ होतो "न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या मेंढ्या". म्हणजे जुन्या मेल्या तरी कळपात नव्या जन्मतात, आकडा शहाण्णवच राहतो. मुद्दल कायम, व्याजावर दिवा. आपल्या गावच्या देवस्थानांच्या ट्रस्टींनी एकदा तरी जाऊन हे वाचून यावं असं मला मनापासून वाटतं.

देवळातला एकाश्म नंदी नायकांच्या काळचा. शिवाय, गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात चोळांच्या काळची भित्तिचित्रं आहेत. नायकांनी त्यांच्यावर आपली चित्रं काढली, म्हणून ती शतकानुशतकं झाकली गेली. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकाला वरचा थर सुटलेला दिसला आणि खालची चित्रं उजेडात आली. ती सगळ्यांना पाहू देत नाहीत. पण संग्रहात त्यांच्या प्रतिकृती आहेत, त्या जरूर पाहाव्यात.

आणि आता मी ज्यासाठी हे भाषण द्यायला बसलोय, तिथे येतो. देवळाभोवती जी ओवऱ्यांची लांबच लांब भिंत आहे, तिच्या नैर्ऋत्येकडच्या भागात जा. तिथे गर्दी नसते. भिंतीवर बारीक अक्षरं कोरलेली दिसतात. जवळ गेलात की पाय थबकतात, कारण ही अक्षरं तुम्हाला येतात. देवनागरी. भाषा मराठी. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला. मजकूर त्यांच्या पदरच्या बाबूराय चिटणीसांचा. भोसल्यांचा मूळपुरुष, मालोजीराजे, शहाजीराजे, शिवाजी महाराज, एकोजी, आणि पुढे सरफोजींपर्यंत. मराठीतला इतका लांब शिलालेख दुसरा नाही.

जरा विचार करा, हे कुठे आहे. साताऱ्याला नाही, पुण्याला नाही. तमिळ देशात, चोळांच्या देवळात. १८०३ म्हणजे ज्या वर्षी इकडे दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं होतं, असई आणि अडगावच्या लढाया होत होत्या. सरफोजींच्या हातात तेव्हा खरी सत्ता उरली नव्हती. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता, राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. तलवार ठेवून दिलेल्या माणसानं छिन्नी हाती घेतली. मला त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर अभिमान वाटला नाही असं नाही. पण त्याहून जास्त माया वाटली. दूर गेलेल्या माणसानं आपण कोण हे मुलाबाळांना सांगून ठेवावं, तसं ते आहे.

याच सरफोजींचं काम पाहायला राजवाड्यात जायचं. राजवाडा नायकांनी सुरू केला, मराठ्यांनी वाढवला. दरबाराच्या दिवाणखान्यातले रंगीत खांब, घंटेचा मनोरा, पलीकडे चोळकालीन काशाच्या मूर्तींचा संग्रह. त्यात तिरुवेंगाडूचा वृषभवाहन शिव आहे. बैलावर रेलून उभा असावा असा एक हात, पण शेजारचा बैल आता नाही. तो हात रिकाम्या जागेवर टेकलाय. त्या मूर्तीपुढून मला माझ्या सौभाग्यवतीनं ओढून नेलं, नाहीतर दिवस तिथेच गेला असता.

तिनं ओढून नेलं ते सरस्वती महालात. हे ग्रंथालय म्हणजे तंजावरचं दुसरं मोठं देऊळ. मूळ नायकांचं, पण ते आजच्या रूपाला आणलं सरफोजींनी. काशीयात्रेला गेले तेव्हाही ग्रंथ जमवत आणि नकलून घेत गेले. ताडपत्रं आणि कागद मिळून सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखितं आज तिथे आहेत: संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. शिवाय मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल. त्या मोडी कागदांतल्या निवडक भागाचे तमिळ अनुवाद तिथल्या तमिळ विद्यापीठानं छापले. आपल्या राजांचा कारभार तमिळ माणसांनी कष्टानं वाचून आपल्या भाषेत नेला, याची जाण आपण ठेवली पाहिजे.

सरफोजींना श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं शिकवलं. किल्ल्यातल्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. त्यात मरणशय्येवरचा गुरू आणि त्याला भेटायला आलेला शिष्यराजा दिसतो. ते शिल्प सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलं. राजांनी देवनागरी छापखाना काढला आणि त्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. 'बालबोध मुक्तावली' असं त्या पुस्तकाचं नाव. आपल्या मुंबईत मराठी छपाई रुजायची होती, तेव्हाची ही गोष्ट. धन्वंतरी महालात देशी आणि विलायती वैद्यक शेजारी शेजारी चालवलं. डोळ्याच्या रुग्णांची टिपणं, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, अजून जपलेली आहेत. मोतीबिंदू असलेला एक डोळा दोनशे वर्षं आपल्याकडे पाहतोय. माझं स्वतःचं ऑपरेशन त्याच वर्षी झालेलं होतं, त्यामुळे मी त्या चित्रापुढे जरा जास्त वेळ थांबलो.

नाटकाचंही सांगायला हवं. आपण मराठी रंगभूमीची सुरुवात १८४३ ला, सांगलीला, विष्णुदास भाव्यांपासून मोजतो. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरात मराठी नाटकं लिहिली. पाच भाषा एकत्र बोलणारं नाटकही लिहिलं. सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमानं होतो, तो क्रम या चौघांनी बसवला. आणि सांबार? ते संभाजीराजांच्या नावावरून आलं अशी कथा तिथेही सांगतात, इथेही. पुरावा कुणी दाखवत नाही. सांबार मात्र उत्तम असतं.

आजचं तंजावरही पाहा. देवळाला लागून शिवगंगा बाग आहे, संध्याकाळी तिथे मुलांची झुंबड. मुलांसाठी पक्ष्यांचं उद्यान झालंय. १९९५ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्तानं बांधलेलं राजराजाचं मणिमंडप आहे. हवाई दलाच्या तळावर जानेवारी २०२० पासून सुखोई विमानांची तुकडी आहे, त्यामुळे कधीकधी शिखरावरून गडगडाट जातो आणि शिखरावरचे पोपट एकदम उडतात. वेळ थोडा असेल तर यातलं बरंचसं सोडलंत तरी चालेल. एक सोडू नका: वीणा करणाऱ्यांची आळी. फणसाच्या एकाच ओंडक्यातून भोपळा आणि दांडी सलग कोरतात, त्या वीणेला एकांडा वीणा म्हणतात. कारागीर लाकडावर बोटानं टकटक करतो, कान लावतो, पुन्हा कोरतो. आम्ही तासभर बसलो. त्यानं विकत घ्या म्हणून एकदाही म्हटलं नाही, पितळेच्या वाटीतून कॉफी मात्र पाजली.

श्रोतेहो, शेवटी पुन्हा त्या भिंतीकडे येतो. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी तिथे गेलो, कारण तिरप्या उजेडात कोरीव अक्षरं नीट उठून दिसतात. मोठ्यानं वाचत होतो. अक्षरं झिजलेली, शब्द जोडून लिहिलेले, त्यामुळे अडखळत. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "पुन्हा वाचा." वळून पाहिलं, तर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. कांजीवरम लुगडं, नाकात दोन्हीकडे चमकी. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला मराठी येतं?" त्या म्हणाल्या, घरात तेच बोलतो, तीनशे वर्षं झाली. पण अक्षर येत नाही. पत्र लिहायचं तर मराठी तमिळ लिपीत लिहितो. लहानपणापासून या भिंतीवरून हात फिरवलाय, आपलं काहीतरी आहे एवढं ठाऊक होतं, काय आहे ते कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मग मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं. मला अक्षरं लागत होती, पण जुने शब्द अडत होते. त्यातले कितीतरी त्या चटकन सांगायच्या, कारण त्यांच्या घरात ते अजून रोजचे आहेत. उजेड जाईपर्यंत आमची तीन हातसुद्धा भिंत झाली नाही. निघताना त्यांनी विचारलं, उद्या सकाळी असाल का. आमची गाडी दुपारची होती.

सकाळी साडेसहाला त्या नातीला घेऊन आल्या. पोरगी सातवीतली, शाळेत हिंदी शिकते म्हणून तिला देवनागरी येतं. आजीनं तिला भिंतीपुढे उभं केलं. पोरगी बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागली, आणि ती शब्दाच्या निम्म्यावर पोचायच्या आत आजी पुढचा निम्मा म्हणून टाकत होती.