मापं घेणारे

(दृश्य: मुंबई सेंट्रल, पहाट. गाडी फलाटाला लागते आहे.)

पहाटेचे साडेपाच. रात्रभर धावलेली गाडी नुकतीच फलाटाला लागली आहे. माणसं डब्यातून उतरतात आणि सरळ चालू लागतात. जिना चढायचा नाही, पूल ओलांडायचा नाही. डोक्यावर बोजा, कडेवर झोपलेलं पोर, आणि पायाखाली सपाट फरशी, थेट मधल्या उंच हॉलपर्यंत. लांब पल्ल्याचे रूळ इथेच संपतात, म्हणून हे शक्य झालं. पण रूळ संपतात तिथे माणसांनी कुठून जायचं, गर्दी कुठे पांगायची, सामान कुठे टेकायचं, हे कुणीतरी कागदावर आधी ठरवलेलं असतं.

ते ठरवलं ग्रेगसन, बॅटली अँड किंग या मुंबईच्या आर्किटेक्ट कंपनीनं.

(दृश्य: स्टेशनचा दर्शनी भाग, बाहेर ठेवलेलं छोटं वाफेचं इंजिन.)

त्याआधी बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या गाड्या पार कुलाब्यापर्यंत जात. कुलाब्याचं टर्मिनस १८९६ सालचं. बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढायचं ठरलं आणि चर्चगेटच्या पुढची लाइन उखडायची वेळ आली. मग लांबच्या गाड्या थांबवायच्या कुठे? बेलासिस रोडजवळची ही जागा निवडली गेली. बांधकाम शापूरजी पालनजींकडे होतं. एकवीस महिन्यांत एवढा पसारा उभा राहिला, एक कोटी ५६ लाख रुपयांत. डिसेंबर १९३० मध्ये स्टेशन सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीला कुलाबा स्टेशन बंद पडलं.

स्टेशनच्या दारात आम्ही बऱ्याच जणांना विचारलं, हे बांधलं कुणी? ‘इंग्रजांनी’, एवढंच उत्तर येत राहिलं. म्हणून ही गोष्ट सांगायची आहे.

(दृश्य: जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार. झाडं, दगडी कमानी, वर्गाकडे जाणारी मुलं.)

क्लॉड बॅटली. जन्म १८७९, इंग्लंडमधल्या इप्सविचचा. १९१३ साली मुंबईत आले. १९१७ पासून ग्रेगसन, बॅटली अँड किंगमध्ये भागीदार. कंपनीच्या नावात तीन आडनावं आहेत, पण शहराला ओळखीचं झालं ते मधलं. याचं कारण या आवारात आहे. बॅटली कंपनीचं काम करत होते आणि त्याच वेळी जे. जे. मध्ये शिकवत होते. १९२३ ते १९४३, वीस वर्षं, इथल्या आर्किटेक्चर विभागाचे ते प्रमुख होते.

त्या काळात भारतीय माणसानं आर्किटेक्चर शिकायचं ते बहुतेक ड्राफ्ट्समन होण्यासाठी. साहेबानं डिझाइन करायचं, इथल्या मुलानं ते स्वच्छ हातानं उतरवून काढायचं. हे बदलायला सुरुवात झाली ती विद्यार्थ्यांपासूनच. १२ मे १९१७ रोजी इथल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना उभी केली. गेट वे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. तीच संघटना १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावानं ओळखली जाते.

बॅटलींनी वर्गात जे केलं ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. ग्रीक आणि रोमन खांब गिरवत बसण्यापेक्षा आपल्या देशातली देवळं, मशिदी, लेणी पाहा, असा त्यांचा आग्रह होता. आणि नुसती पाहू नका, मोजा.

(दृश्य: गिरगावातली चाळ. लाकडी गॅलरी, तीन विद्यार्थी, टेप.)

मोजायचं म्हणजे काय, ते या तिघांकडे बघितलं की कळतं. आजचे विद्यार्थी आहेत, तिसऱ्या वर्षाचे. काम मात्र तेच.

एकानं टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरलं आहे. हे शून्य. ते आता हलायचं नाही. दुसरी टेप घेऊन गॅलरीभर चालत जाते आणि प्रत्येक खांब, प्रत्येक दार, प्रत्येक चौकट त्या एकाच शून्यापासून वाचत जाते. तिसरी लिहून घेते. वाचलेला आकडा ती मोठ्यानं परत म्हणते, मगच लिहिते. प्रत्येक वेळी नव्यानं टेप लावली तर पाव पाव इंचाची चूक साठत जाते आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर खांब भलत्याच जागी येतो.

आता खोली. खोली दहा बाय बाराची, सगळेच सांगतात. पण चार भिंती मोजून भागत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप जाते. एक कर्ण १५ फूट ७ इंच. दुसरा १५ फूट साडेनऊ इंच. म्हणजे खोली काटकोनात नाही. कागदावर ती गुण्या लावून सरळ काढली तर ते चित्र खोटं.

आणि हा ओळंबा. दोरीला लटकलेलं हे वजन थांबेपर्यंत तिघंही बोलत नाहीत. खांब आतल्या बाजूला कलला आहे, बोटभर. डोळ्याला दिसला नव्हता. खांबाच्या डोक्यावरचं कोरीव काम तर टेपनं मोजताच येत नाही. तिथे पूर्वी शिशाची मऊ पट्टी दाबून बसवायचे. ती नक्षीचं वळण घ्यायची, मग ती अलगद काढून कागदावर ठेवायची आणि पेन्सिलीनं कड ओढायची.

हे सगळं झाल्यावर ड्रॉइंग बोर्ड. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची रुलिंग पेन. खालच्या पेन्सिलीच्या चित्रावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं. तलम कापड, खळ लावून पारदर्शक केलेलं. त्यावर पाण्याचा थेंब पडला की तिथली खळ जाते आणि पांढरा डाग उरतो. मुंबईचा मे महिना आठवा. मनगटाखाली कागद ठेवून, घाम टिपत, श्वास सांभाळत एकेक रेघ ओढायची. चुकलीच तर ब्लेडनं हलकेच खरवडायची.

बॅटलींच्या विद्यार्थ्यांनी घेतलेली अशी मापं आणि त्यांवरून काढलेले नकाशे १९३४ साली पुस्तकरूपानं छापले गेले. प्लॅन म्हणजे वरून दिसणारी मांडणी, सेक्शन म्हणजे उभा छेद, एलिव्हेशन म्हणजे समोरून दिसणारी बाजू. आपल्या वास्तूंकडे आपल्याच मुलांनी टेप घेऊन पाहिलं होतं.

(दृश्य: कुलाबा कॉजवे. बेस्टची बस इलेक्ट्रिक हाऊसच्या थांब्यावर थांबते. समोर खुश्रू बाग.)

मोजून शिकलेली ही नजर कंपनीच्या कामात दिसते का? कुलाब्याला या. खुश्रू बाग, १९३४. पारशी कुटुंबांसाठी वाडिया घराण्याच्या दानातून उभी राहिलेली वसाहत, पाचशेहून अधिक घरांची. रस्त्याच्या बाजूला दुकानं, हॉर्न, फेरीवाले. कमानीतून आत नजर टाका. मधे मोकळी जागा, झाडं, आणि भोवती इमारती. गजबजाट पाठीमागे राहतो, वारा आतपर्यंत पोचतो. दुपारी तीनला आम्ही इथे उभे होतो. रस्त्यावर उन्हानं डोळे मिटत होते, आत दोन आजोबा बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

मलबार हिलवरचं हे फाटक सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जिना हाऊस, १९३६. हेही बॅटलींचंच. इटालियन संगमरवर, अक्रोडाचं लाकूड. सप्टेंबर १९४४ मधल्या गांधी-जिना वाटाघाटी इथेच झाल्या. खरं सांगायचं तर या घरात भारतीय परंपरा शोधायला गेलं तर फारशी हाती लागत नाही. घर मालकाच्या आवडीचं आहे. वर्गातला आग्रह आणि ऑफिसातलं काम यांत अंतर राहिलं, आणि ते लपवायचं कारण नाही.

कंपनीचीच आणखी दोन कामं: भुलाभाई देसाई रस्त्यावर वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा, पुढे त्याचं लिंकन हाऊस झालं. त्याच रस्त्यावर समुद्राला लागून ब्रीच कँडी हॉस्पिटल, १९५०.

१९५६ साली बॅटलींचं निधन झालं, मुंबईतच. दोन वर्षांनी जे. जे. चं आर्किटेक्चर कॉलेज स्वतंत्र झालं. कोकणात आचऱ्याला जन्मलेले अच्युत कानविंदे त्यांच्याच हाताखाली शिकले, हार्वर्डला जाऊन आले आणि कानपूरच्या आयआयटीचं डिझाइन त्यांनी केलं.

(दृश्य: पुन्हा मुंबई सेंट्रल, संध्याकाळ. राजधानीची घोषणा. हॉलमधली गर्दी.)

हा हॉल रोज हजारो पावलं सोसतो. यातली प्रत्येक रेघ कुणीतरी ओढली होती. कंपनीच्या पाटीवर तीन नावं. पण टी-स्क्वेअर धरून बोर्डावर वाकलेले, मनगटाखाली कागद ठेवून घाम टिपणारे हात याच शहरातले होते. कुणी गिरगावातून चालत ऑफिसात जात असेल, कुणी दादरहून गाडीनं. त्यांच्याबद्दल बोलायला हवं, म्हणून कॅमेरा घेऊन निघालो.

(दृश्य: चाळीतली खोली, रात्र. दिव्याखाली बोर्ड. नकाशाचा उजवा खालचा कोपरा.)

चाळीचा नकाशा पुरा झाला आहे. खोली काढली आहे तशीच, किंचित तिरकी. खांबही बोटभर कललेला.

खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. मापं घेतली, रेखाटलं, तपासलं. ‘तपासलं’ची जागा सरांसाठी मोकळी सोडली आहे. उरलेल्या दोन ओळींत तिघं आपापली नावं लिहितात, आडनावासकट, शाईनं.