पखालजीचा रेडा

[काळा पडदा. चिकटपट्टी ओढून तोडल्याचा आवाज. मग पांढऱ्या दिव्याखाली दोन हात.]

हे हात काकांचे आहेत. चेहरा दाखवायचा नाही आणि नाव सांगायचं नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला घरात घेतलं. घर चिंचवडला, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरामागे एक चिंचोळी गॅलरी, गॅलरीत एक टेबल. सगळं काम तिथंच.

बत्तीस वर्षं या हातांनी एका टूलरूममध्ये पोलादाचे साचे केले. डॅशबोर्डावरची जाळी, दिव्याची टोपी, मिक्सरचं बटण. प्लास्टिकची अशी वस्तू लाखांनी बाहेर पडते, पण त्याआधी कुणीतरी तिची पोकळी कोरलेली असते. काका ती पोकळी कोरायचे. निवृत्त झाल्यावर यंत्रं सुटली, पोकळी सुटली नाही. आता ते दिवाळीच्या किल्ल्यासाठी चित्रं करतात.

[जुना पत्र्याचा डबा उघडतो. आत मातीचे मावळे. काहींचे हात तुटलेले.]

पुण्याकडे किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना चित्रं म्हणतात. कसब्यातल्या कुंभारवाड्यात ती टोपल्या भरभरून येतात. सिंहासनावर महाराज, दोन्ही बाजूंना भालदार, दोन तोफा, गुहेतला वाघ. दरवर्षी तीच चित्रं, आणि तरीही दरवर्षी हवीशी. काकांच्या नातीने मागच्या वर्षी विचारलं, गडावरच्या या सगळ्यांना पाणी कोण आणून देतं?

प्रश्न पोरीचा, पण नेमका आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १८व्या शतकाच्या सुरुवातीला, बजावलंय की गड बांधायच्या आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर आधी खडक फोडून टाकी, तळी करा. तट, बुरूज, दरवाजे हे सगळं मग. बहुतेक डोंगरी गडांवर कातळात खोदलेली टाकी दिसतात. त्या टाक्यातून पाणी काढून वाहणारा माणूस मात्र आपल्या किल्ल्यावर कधीच नसतो.

म्हणून पखालजी. आणि त्याचा रेडा, पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी पखाल, म्हणजे पाण्याची चामडी पिशवी, घेऊन.

[क्लोज-अप: तांब्याच्या तारेचा सांगाडा. त्यावर एम-सीलचा थर. इंजेक्शनच्या सुईने कातडीच्या सुरकुत्या.]

माणूस ५४ मिलिमीटर उंच. म्हणजे खऱ्याच्या बत्तिसावा भाग. त्या मापाने रेडा नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम आठ सेंटीमीटर. आत तांब्याची तार, तारेवर चुरगळलेली ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर नळाच्या गळतीला लावतो तेच एम-सील. दोन रंगांचे गोळे सारखे घ्यायचे आणि एकच रंग होईपर्यंत मळायचे. मग हातात फार वेळ नसतो. तासाभरात ते दगड होतं. बोट पाण्यात बुडवून फिरवलं की अंग गुळगुळीत, सुईने ओढलं की कातडी. खुरांसाठी दाताच्या डॉक्टरांकडचं जुनं हत्यार.

मानेखालच्या सुरकुत्यांना तीन संध्याकाळी लागल्या.

[भिंतीवर चिकटवलेलं छायाचित्र. कॅमेरा त्यावर थांबतो.]

भिंतीवर हा दुसरा रेडा आहे. दायमाबादचा. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी ताम्रपाषाणयुगातलं गाव होतं, तिथं १९७४ साली जमिनीतून ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि चाकांवर उभा असलेला हा रेडा. सगळे भरीव, ओतीव. काका कामाला बसण्याआधी त्याच्याकडे एकदा बघतात. त्यावर ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

[शाडूच्या मातीची चौकोनी वडी. त्यात रेडा आडवा, अर्धा बुडालेला.]

इथून साचा सुरू होतो, आणि आमचं सगळ्यात जास्त चित्रीकरणही इथलंच आहे.

गणपतीतली उरलेली शाडू. तिच्यात रेडा आडवा निजवायचा, बरोबर अर्धा. नाकाच्या शेंड्यापासून कपाळ, पाठीचा कणा, शेपूट आणि पोटाखालून परत हनुवटीपर्यंत एक रेघ धरायची. टूलरूममध्ये हिला पार्टिंग लाइन म्हणतात. इथं साच्याचे दोन अर्धे भेटणार, म्हणजे साच्यात रेझिन, आळून कडक होणारं पातळ प्लास्टिक, ओतल्यावर त्याची बारीक कड इथंच उमटणार. ती कण्यावर आली तर घासून जाते. डोळ्यावर आली तर रेडा बिघडला. काका पट्टीने मोजत नाहीत. मान वाकडी करून, एक डोळा मिटून, मातीची कड कोरणीने अंगाला भिडवत जातात. माती आणि रेडा यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी सिलिकॉन, म्हणजे साच्यासाठी ओतायचं रबर, तिच्यात शिरणारच.

मातीत गोटीने खळगे. चार कोपऱ्यांत चार, एक मध्ये. उद्या याच खळग्यांत दुसऱ्या अर्ध्याची बोंडं बसतील आणि साचा सरकणार नाही.

भोवती सनमायकाच्या पट्ट्यांची भिंत, कोपऱ्यांना ग्लू गन. किती सिलिकॉन लागेल याचा हिशेब काका तांदळाने करतात. पेटीत तांदूळ ओतायचे, तेच तांदूळ मापात काढायचे. डाव्या अर्ध्याला पावणेदोनशे मिली.

[डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा डबा. आकडे थरथरतात.]

इथं अंदाज चालत नाही. शंभर ग्रॅम सिलिकॉनला तीन ग्रॅम हार्डनर, काट्यावर मोजून. कमी पडला तर दोन दिवसांनीही चिकट. जास्त झाला तर ओतायच्या आधीच आळून बसतं. हे कथलाच्या संयुगाने आळणारं सिलिकॉन. दुसरं असतं प्लॅटिनमवालं, ते वर्षानुवर्षं टिकतं, आक्रसत नाही, पण फार नाजूक तब्येतीचं. गंधक असलेली माती, रबरी हातमोजे, एम-सीलसारखं इपॉक्सी, यांच्या नुसत्या स्पर्शाने त्याचं आळणं बिघडू शकतं. मूळ मूर्ती एम-सीलची असेल तर सुरुवात कथलावाल्यानेच करा, असं काका सांगतात. तो साचा काही वर्षांत म्हातारा होतो. होऊ द्या, मूळ रेडा डब्यात आहेच.

[निवेदन नाही. वरून सुतासारखी धार. कॅमेरा धारेबरोबर खाली.]

उंचावरून, एकाच कोपऱ्यात, बारीक धारेने. धार ताणली जाते आणि तिच्यातले बुडबुडे वाटेतच फुटतात. त्याआधी ब्रशने एक पातळ हात, खुरांच्या फटीत, कानांच्या मागे, नाकपुड्यांत. कारखान्यात हवा ओढायला व्हॅक्यूमचं भांडं असतं. तिथं सिलिकॉन दुधासारखं तिपटीने फुगून वर येतं आणि बसतं. काकांकडे ते नाही. घरच्या कुकरला कॉम्प्रेसर जोडून दाब देणारी मंडळी आहेत. ते करू नका. कुकर त्या दाबासाठी बनलेला नसतो.

[पहाट. पेटी उलटी होते. हात शाडू काढतात.]

रात्र गेली. माती काढली. रेडा आता सिलिकॉनमध्ये निजला आहे आणि उरलेलं अर्धं अंग वर उघडं. आता व्हॅसलिन. पातळ, सगळीकडे, एकही जागा न सोडता. सिलिकॉन सहसा कशालाही चिकटत नाही, पण सिलिकॉनला चिकटतं. पहिल्या वर्षी काका हे विसरले होते. दोन अर्ध्यांचा एकच ठोकळा झाला आणि आतला भालदार चाकूने चिरून काढावा लागला. तो ठोकळा त्यांनी ठेवलाय. हा बघा.

[पांढरा ठोकळा, मधोमध चीर.]

दुसरा अर्धा ओतला. आणखी एक रात्र. आणि मग हा क्षण.

[निवेदन नाही. साचा हळूहळू उघडतो. सक् असा आवाज. पोकळी.]

बत्तीस वर्षं पोलादात काम केलेल्या माणसाला इथं काय दिसतं, ते समजून घ्यायला हवं. रेड्याची शिंगं मागे वळून वर गेलेली. असं आत वळलेलं अंग पोलादाच्या साच्यात अडकून बसतं. त्याला अंडरकट म्हणतात, आणि त्याच्यासाठी साच्याला सरकते तुकडे करावे लागतात. इथं काकांनी सिलिकॉन अंगठ्याने मागे दुमडलं, शिंग बाहेर. साचा वाकतो. घरात, टेबलावर, एका माणसाला आपली मूर्ती ओतता येते ती याच्यामुळे. यासाठी कारखाना लागत नाही, हजारांची ऑर्डरही लागत नाही. दहा रेडे हवे असतील तर दहाच करता येतात.

[पेन्सिलीने साच्यावर खुणा. धारदार पातं.]

रेडा साच्यात उलटा आहे, पाय वर. मागच्या दोन पायांतून रेझिन आत जाणार आणि पुढच्या दोन पायांतून हवा बाहेर येणार. काका म्हणतात, रेझिन कुठून जाईल ते कुणालाही दिसतं. हवा कुठून जाईल ते बघायला शिकावं लागतं.

[ऑक्टोबर. खिडकीतून कोरडं ऊन. दोन कागदी पेले.]

साचे पावसाळ्यात आणि ओतकाम दसऱ्यानंतर. याला कारण आहे. पॉलियुरेथेन रेझिनच्या एका भागाला पाणी चालत नाही. हवेतला ओलावा लागला तरी आत वायू तयार होतो आणि रेझिन फसफसतं. जुलैतल्या चिंचवडमध्ये हा रेडा स्पंजासारखा निघाला असता.

साच्यात टाल्कम पावडर मारायची, जादाची झटकायची. रेझिन त्या पुडीवरून कोपऱ्यात ओढलं जातं. दोन भाग समसमान, अकरा-अकरा मिली. पेल्यात एकत्र. ढवळायला काडी. आता चार मिनिटं.

[पेला, साचा, धार. घड्याळ दाखवत नाही. फक्त श्वास.]

पहिला घोट शिंगांत. टोकं खाली आहेत, तिथं हवा कोंडते, म्हणून काका तारेने टोचून रेझिन शेंड्यापर्यंत नेतात. मग साचा बंद, रबरबँड, आणि बाकीचं मागच्या पायांतून. हलकेच दाबायचं, तिरपं करायचं, टेबलावर टकटक. पुढच्या पायांतून पहिला थेंब वर आला.

आणि हे बघा.

[पेल्यात उरलेलं रेझिन. काचेसारखं पारदर्शक. काठापासून मध्याकडे पांढरं होत जातं. पूर्ण वीस सेकंद.]

[अर्धा तास पुढे. साचा उघडतो.]

पहिल्या रेड्याला एक शिंग नव्हतं.

दुसऱ्याला दोन्ही शिंगं आली, पण डाव्या पखालीखाली वाटाण्याएवढं भोक. तिसऱ्यालाही भोक, त्याच जागी. कुणीही ते लांबीने बुजवलं असतं आणि पुढे गेलं असतं. काकांनी साचा खिडकीपाशी नेला, बराच वेळ उलटसुलट केला. म्हणाले, "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं नको." भोक पखालीवर दिसत होतं, पण साच्यात रेडा उलटा असल्यामुळे पखालीचा तळ सगळ्यात वर येत होता. हवा चढून तिथं अडकत होती आणि तिला पुढच्या पायांपर्यंत जायला वाटच नव्हती. पात्याने एक बारीक वाट कापली, पखालीच्या तळापासून साच्याच्या वरच्या कडेपर्यंत. काडेपेटीच्या काडीएवढी.

[चौथा रेडा. तळहातावर. निवेदन नाही.]

रेझिनची वाफ अडवणारा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी हे सगळं ओतताना लागतंच, कारण या रेझिनच्या वाफेने दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो. घासकाम पाण्याखाली करायचं, म्हणजे पूड उडत नाही. उरलेलं पातळ रेझिन मोरीत ओतायचं नाही. आणि ते मातीसारखं विरघळतही नाही, म्हणून दिवाळीनंतर प्रत्येक चित्र मोजून डब्यात परत येतं.

[पायांवरच्या रेझिनच्या काड्या करवतीने कापल्या जातात. कण्यावरची कड कानशीने. ओल्या पॉलिशपेपरचा आवाज.]

दसरा ते वसुबारस या दिवसांत नऊ रेडे निघाले. दहाव्याच्या वेळी साचा डाव्या शिंगापाशी चिरला. तिथं सिलिकॉन सगळ्यात पातळ होतं आणि प्रत्येक वेळी तिथंच वाकत होतं. दहावाही काढला काकांनी. त्या चिरेत रेझिन शिरून त्याच्या शिंगाला बारीकसा पापुद्रा आला. त्यांनी तो तसाच ठेवला.

[सोसायटीचं आवार. विटा, पोती, लाल माती. मुलं. गडाच्या उतारावर अळीव उगवलेलं.]

नऊ रेडे नऊ किल्ल्यांवर गेले. दहावा नातीचा. तिने तो आणि पखालजी गडाच्या अगदी पायथ्याशी ठेवला, भालदारांच्याही खाली. वर, दरवाजाच्या आत, तिने नारळाची करवंटी पुरून टाकं केलं होतं.

धनत्रयोदशीला आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा रेडा पहिल्या वळणावर होता.

आम्हाला वाटलं, कुणाचा तरी धक्का लागला असेल.

नरकचतुर्दशीच्या सकाळी तो दुसऱ्या वळणावर.

लक्ष्मीपूजनाला बुरुजाखाली.

[पाडव्याची सकाळ. कॅमेरा पायथ्यापासून वाटेने वर चढतो. पहिलं वळण, दुसरं वळण, बुरूज, दरवाजा. आत करवंटी, काठोकाठ भरलेली. रेड्याचं तोंड पाण्यापाशी.]