क्लाउडचा पत्ता: तालुका मुळशी

सकाळचे साडेसहा. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑफिसच्या बसच्या आधी दिसतात पाण्याचे टँकर. आमच्या सोसायटीत पण येतो एक, दहा हजार लिटरचा, आणि मे महिन्यात त्याला उशीर झाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काय सुरू होतं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता क्लाउड. आपले फोटो, मेल जिथे साठतात तो. नाव ढगाचं, पण असते ती जमिनीवरची अवाढव्य बिल्डिंग, म्हणजे डेटा सेंटर, आत सर्व्हरच्या, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या रांगा, चोवीस तास चालू, आणि माणसं मोजकीच. मायक्रोसॉफ्टचा क्लाउड पुण्यातून चालतोय २०१५ पासून, आणि २०२४ मध्ये कंपनीने हिंजवडीत अजून १६ एकरांच्या वर जमीन घेतली.

लॅपटॉप मांडीवर तापतो ना, तसंच हे, फक्त हजारोंनी. मग थंड करायला कूलिंग टॉवर, म्हणजे आपला घरचा कूलरच समजा, पाण्याची वाफ होते आणि ती गेली ती गेली, खाली उरलेल्या पाण्यात क्षार साठले की तेही सोडून द्यायचं. हवेवरचे चिलर, म्हणजे मोठे एसीच, लावले तर पाणी वाचतं पण वीज जास्त जाते, आणि वीज कोळशाची असेल तर तिकडे चंद्रपुरात कोळसा जळणार, त्यालाही पाणी लागतंच. त्यामुळे 'आम्ही पाणी वापरतच नाही' असं कुणी म्हणालं की विचारायचं, इथे नाही ना, मग कुठे?

विजेचा हिशोब तर तोंडी होतो. एक मेगावॅट दिवसभर चालला की २४,००० युनिट, म्हणजे महिन्याला २०० युनिटवाल्या १२० घरांची महिन्याची वीज एका दिवसात. आणि मोठी सेंटर्स शंभर मेगावॅटच्या पुढे जातात. वर डिझेल जनरेटर, लाइट गेली नाही तरी टेस्टिंगला सुरू करावेच लागतात, धूर आणि घरघर शेजाऱ्यांना.

अमेरिकेत ओरेगनमध्ये द डॅल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे गूगलची सेंटर्स किती पाणी पितात ते एका पेपरने विचारलं, तर आकडा लपवायला नगरपालिका पेपरच्याच विरोधात कोर्टात गेली! शेवटी २०२२ मध्ये आकडा बाहेर आला, २०२१ सालात गावाच्या पाण्यातला पाव हिस्सा तर सोडाच, त्याहून जास्त. आमच्या टँकरच्या मापात दिवसाला साडेतीनशेच्या वर खेपा.

आणि मुळशीला हे नवीन आहे का? १९२१ मध्ये याच तालुक्यात सेनापती बापट आणि मावळे शेतकरी 'जान किंवा जमीन' म्हणत टाटांच्या धरणाला आडवे झाले होते. धरण झालंच, गावं बुडाली, पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. ती वीज होती मुंबईसाठी. पण धरण निदान डोळ्यांना दिसत तरी होतं हो, बंद भिंतीआडचं पाणी कसं दिसणार? नव्या सेंटरच्या बातमीत गुंतवणुकीचे कोटी ठळक असतात, लिटर शोधावे लागतात.

आमच्या गेटवर वॉचमनकाकांकडे एक वही आहे. टँकरचा नंबर, वेळ, लिटर, खाली ड्रायव्हरची सही. कुणीही मेंबर उघडून बघू शकतो. तसली एक वही त्या गेटवर पण ठेवा, बस.