पंपाच्या स्क्रूपासून फाइलीपर्यंत

(बेळगावात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील तरुण कारागीर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली आकड्यांची फाइल बदलणं. हा शब्द आपल्याकडे नवा आहे, काम नवं नाही. हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवरून ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको. दोन ट्रॉल्या ऊस जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला की नळकांड्यातून काळा लोट उठतो. तो धूर बघितला की जुना मेस्त्री न थांबता सांगतो, "पंप वाढवलाय ओ ह्यानं." मिको कंपनीच्या डिझेल पंपावर एक स्क्रू असायचा. डिझेल जास्तीत जास्त किती सोडायचं ते त्या स्क्रूवर ठरायचं, आणि म्हणून कंपनी त्याला तार घालून शिशाचं सील मारायची. सील तोडायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, की झालं. मी लेथवरून पंपाच्या टेस्ट बेंचवर आलो तेव्हा रोज एकतरी तुटकं सील हातात यायचं. आज लॅपटॉप घेऊन बसतो, पण खरं सांगू का, मी अजून तोच स्क्रू फिरवतोय. फरक एवढाच, की पूर्वी एक स्क्रू होता, आता फाइलीत हजारो आहेत, आणि एक फिरवला तर दुसरे चार त्याला मागं ओढतात.

इंजिन सांभाळणाऱ्या ह्या संगणकाच्या पेटीला गॅरेजात आपण ईसीएम म्हणतो, पुस्तकात ईसीयू लिहितात. इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकानं सांभाळायची, ही बॉशची मोट्रॉनिक १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली. पुढं त्यातला प्रोग्रॅम एका चिपमध्ये असायचा, चिप सॉकेटमधून उपटता यायची, अतिनील दिव्याखाली पुसून पुन्हा लिहिता यायची. 'चिप ट्यूनिंग' हे नाव तेव्हाचं. आता चिप कोणी उपटत नाही, तरी गिऱ्हाईक अजून विचारतं, "चिप बसवता काय ओ?" डिझेलमध्ये मोठा बदल १९९७ ला झाला. अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल आली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी. पंपाचं काम फक्त दाब तयार करण्याचं उरलं, आणि डिझेल कधी, किती, किती वेळा उडवायचं ते सगळं पेटीकडं गेलं. म्हणजे स्क्रू पंपावरून निघाला आणि फाइलीत जाऊन बसला.

फाइल उघडल्यावर काय दिसतं? पहिल्यांदा नुसते आकडे, मुंग्यांच्या रांगेसारखे. तेच आकडे आलेख करून बघितले की मधूनच डोंगर दिसायला लागतात. उतार, पठार, कडा. ते डोंगर म्हणजे मॅप. एका बाजूला इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूला पेडल किती दाबलंय किंवा हवा किती येतेय, आणि मधल्या चौकटीत उत्तर. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा डिझेल मागत नाही, हे आधी डोक्यात घ्या. तुम्ही ओढ मागता, टॉर्क. पेटी तुमची मागणी वाचते आणि एकेका दारावर अडवत नेते. गिअरबॉक्सला एवढं झेपेल काय? ह्या फेऱ्यांना एवढी परवानगी आहे काय? पाणी तापलंय काय? एवढं डिझेल जाळायला हवा आहे काय? जिथं सगळ्यात लहान आकडा मिळेल, तो खरा. आपल्याकडं जातीचा दाखला काढायला जसं चार टेबलांवरून कागद फिरतो, तसंच. तीन साहेब सही देतात, चौथा अडवतो, आणि तुमचं काम चौथ्यापाशी अडकतं. नवशिका ट्यूनर पहिल्या टेबलावरचा आकडा वाढवतो आणि म्हणतो, गाडीत काही फरकच पडला नाही.

ह्यातलं हवेचं दार मी जरा जवळून दाखवतो. समजा एका स्ट्रोकला सिलिंडरमध्ये ६०० मिलिग्रॅम हवा आली. डिझेलला एका भागाला साधारण अठरा भाग हवेच्या खाली नेलं की धूर दिसायला लागतो. ६०० भागिले १८, म्हणजे ३३ मिलिग्रॅम. पेटी तेहतीसवर हात वर करते. ते दार काढून टाकलं आणि ४० मिलिग्रॅम सोडलं, तर वरच्या सात मिलिग्रॅमचं काय होतं? थोडं जळतं, उशिरा जळतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि बाकी काजळी होऊन बाहेर पडतं. रायबागच्या ट्रॅक्टरचा काळा लोट तो हाच. चार लाखांचा असो की चाळीस लाखांचा, धुराला किंमत कळत नाही.

आता पिकअपची गोष्ट. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आपल्या सगळ्यांच्या हाताखालून गेलंय. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क, एसएक्स-४ मध्ये ९० आणि २००. पोरं लगेच म्हणतात, बघा सर, लोखंड तेच, कंपनीनं सॉफ्टवेअरनं आवळून ठेवलंय. नाही रे बाबा. नव्वदवाल्याचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, वेगळा आहे, त्याची पाती वळतात. फाइल बदलून पाती उगवत नाहीत.

मग पंचाहत्तरवाल्यात काही मिळतच नाही असंही नाही. २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर म्हणजे ५४ अश्वशक्ती. तिथं २४० मागितले तर ६८. कागदावर गाडीची कमाल शक्ती फारशी हलत नाही, पण वंटमुरीच्या घाटात तिसऱ्या गिअरवर हे चौदा घोडे गिऱ्हाइकाला पाठीत जाणवतात, आणि तो खूश होऊन हजार रुपये जादा देतो. फक्त ते घोडे उभे कशावर आहेत? क्लच प्लेटवर. टॉर्कचा आलेख सपाट पठारासारखा दिसतो ना, तो इंजिनाचा निसर्ग नाही. ते पठार कोणीतरी फाइलीत बसून कापलेलं आहे, क्लच आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्याला विचारून. उद्यमबागेत तुम्ही क्रँकशाफ्ट मशिनिंग करता. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असतो तेव्हा "एवढी जागा फुकट ठेवलीय" म्हणून तो खाऊन टाकता काय? ती जागा कोणाच्या तरी पोटाची असते. खराब डिझेलची, मे महिन्यातल्या ऊनाची, एअर फिल्टर दोन वर्षं न बदलणाऱ्या मालकाची, लग्नाला नऊ माणसं भरून गणेशगुडीला जाणाऱ्या मामांची. नवीन गाडी, नीट देखभाल, चालवणारा शहाणा, तर त्या जागेतलं थोडं घेता येतं. पण घेतलं म्हणजे आपण घेतलं, हे कळायला पाहिजे.

आणि एक हिशेब तर फक्त आपल्या गावाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ मिलिबार, आपल्याकडं ९२५ च्या आसपास. फाइलीत टर्बोचा दाब बहुतेक वेळा निरपेक्ष मिलिबारमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. समजा २३०० लिहिलंय. पणजीत टर्बोला बाहेरच्या हवेच्या २.२७ पट दाबायचं आहे, आणि तोच आकडा बेळगावात २.४९ पट होतो. टर्बोला तेवढं जोरात पळावं लागतं. कंपनीच्या फाइलीत ह्यासाठी एक वेगळा मॅप असतो: बाहेरची हवा विरळ झाली की मागणी खाली आणा. पैसे देऊन आणलेल्या तयार फाइलीत हा मॅप सपाट केलेला मी कितीदा बघितलाय. समुद्रकाठी लिहिणाऱ्याला त्याचा त्रास कधी झालाच नाही. चोर्ला घाट उतरताना सगळं छान. परत चढून जांबोटीला आलं की टर्बो शिट्टी मारायला लागतो.

माझी एक चूक सांगतो, कारण ती मी लपवून ठेवली तर तुम्ही तीच करणार. सुरुवातीची गोष्ट. पावसाळा, दुपारची वेळ, खानापूरकडची दीड लिटरची डिझेल गाडी. फाइल वाचली, बदल केले, लिहायला लावली. लिहिताना पेटीला स्थिर व्होल्टेज लागतं, म्हणून बॅटरीला चार्जर जोडतात. तो मी जोडला होता, भिंतीतल्या बोर्डावर. पडद्यावर टक्के चढत होते. सत्त्याऐंशीला करंट गेला. बॅटरी जुनी, इग्निशन चालू, कूलिंग फॅन मधेच सुरू झाला, व्होल्टेज खाली आलं आणि लिहिणं तुटलं. गाडी मेली. म्हणजे अगदी मेली, स्कॅनरला ओळख सुद्धा देईना. मालक समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला. मी त्याला "जरा वेळ लागंल" म्हटलं, आणि तो वेळ चार दिवसांचा झाला. पेटी काढली, टेबलावर उघडली, झाकणाचं सिलिकॉन गरम करून खरवडलं, आतल्या प्रोसेसरला थेट जोडून मूळ फाइल परत भरली. मूळ फाइल मी आधी वाचून ठेवली होती म्हणून वाचलो. ती नसती तर नवी पेटी घ्यावी लागली असती, माझ्या पैशानं.

नवी पेटी म्हटलं की लोक म्हणतात, भंगारातून आणू, कोल्हापुरात मिळते. आणा. बसवा. स्टार्टर फिरेल, गाडी सुरू होणार नाही. किल्लीतल्या चिपचा कोड पेटीनं ओळखायचा असतो, इमोबिलायझर. पेटी दुसऱ्या गाडीची, किल्ली ह्या गाडीची, लग्न कसं जमणार? ते जमवायला जुन्या पेटीतला कोड वाचून नवीत लिहावा लागतो. शर्यतीच्या गाड्यांत मूळ पेटीच काढून स्वतंत्र पेटी बसवतात, मेगास्क्वर्टसारखी. तिथं मात्र थंड गाडी पहाटे सुरू कशी होईल इथपासून सगळे मॅप तुम्हालाच भरायचे. कंपनीची माणसं ह्यावर महिनोन्‌महिने घालवतात. शिकायला उत्तम, रोजच्या गाडीला नको.

बाजारात एक डबीही मिळते, दहा मिनिटांत बसणारी. ती फाइलीला हातच लावत नाही. रेलच्या दाबाचा सेन्सर जो सिग्नल देतो तो मधेच पकडते आणि पेटीला खोटं सांगते: दाब कमी आहे. पेटी बिचारी दाब वाढवते. आकडा ठीक दिसतो, खरा दाब त्याहून जास्त. जिथं हजार-दीड हजार बारची गोष्ट आहे तिथं पहारेकऱ्यालाच फसवायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर विका, पण गिऱ्हाइकाला सांगून विका.

खोटं बोलण्यावरून आठवलं. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन पकडली गेली. प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे पेटी ओळखायची आणि तेवढ्यापुरती सभ्य वागायची. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड काही गाड्यांत मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात साधारण १ कोटी १० लाख गाड्या. ती कंपनी एवढी मोठी, आणि आपल्या गल्लीत कोणी "ईजीआर बंद करून देतो, डीपीएफ काढून देतो" म्हणतो (ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा झडप, डीपीएफ म्हणजे काजळी गाळणारी जाळी) तेव्हा तो त्याच धंद्याची किरकोळ शाखा चालवत असतो. पीयूसीत सापडत नाही म्हणतात. खरं आहे, डिझेलच्या पीयूसीत धुराची दाटी मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. फुफ्फुसात मात्र ते मोजलं जातं. आणि कायदाही ऐकून ठेवा: मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १८२-अ. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. केए-२२ असो की एमएच-०९, सीमेच्या अलीकडं पलीकडं कलम एकच. निदान ह्या बाबतीत तरी वाद नाही.

(हशा)

शेवटी एका गिऱ्हाइकाचं सांगतो. हुक्केरीकडचे एक काका आले, गाडी उचलत नाही म्हणून. दारातूनच कानडीत विचारलं, "एष्ट आक्कैती री?" म्हणजे किती होतील? मी म्हटलं आधी बघू. स्कॅनर लावून चालवली. टर्बोकडं मागणी २१०० मिलिबारची, मिळत होते १७००. बॉनेट उघडलं तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प सैल, आजूबाजूला तेलाचा ओलावा. हवा तिथूनच पळत होती. हवा कमी, म्हणून पेटी डिझेल कमी देत होती, आणि ते बरोबरच करत होती. त्या अवस्थेत मी फाइल मारली असती तर गाडी थोडी उचललीही असती, आणि टर्बो महिनाभरात बसला असता. क्लॅम्प आवळला, फिल्टर बदलला. काका घाटातनं एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "आता फाइल कशाला?" माझा त्या दिवशीचा धंदा बुडाला. तुम्हीही कोणतीही गाडी आली तर आधी लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, घ्या, मागणी आणि मिळकत शेजारी शेजारी ठेवून बघा, क्लच कधी बदलला ते विचारा. मूळ फाइल गाडीच्या नंबरानं दोन ठिकाणी ठेवा, एका पेन ड्राइव्हवर विसंबू नका.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या शेडमध्ये एक जुनी पेटी उघडून दाखवणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा, करंटचा भरवसा मी देत नाही.